दुखणं जिचं, प्रश्नही तिचाच

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांवरचा एक शोधनिबंध छापून आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला होता. त्यांपैकी ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सरासरी काढली तर एका स्त्रीमागे ३.६ आजार. त्याआधी कधी तपासणी आणि उपचार मिळाले होते, अशा स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. या अभ्यासाला साडेतीन दशकं उलटली. आजही स्त्रियांच्या आरोग्यावरचं बरंचसं संशोधन गावात होतं, गावाला सोबत घेऊन होत नाही. हे बदलायला हवं. का आणि कसं, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. दवाखान्याच्या वहीत निम्मं दुखणं येतच नाही.
वही दाखवते ती दवाखान्यापर्यंत पोचलेली बाई. वसा-अमिर्झात ४५ टक्के स्त्रियांनी काहीच तक्रार सांगितली नव्हती, तरी आजार निघाला ९२ टक्क्यांत. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असं आईनं सांगितलं, पुढे सासूनंही तेच सांगितलं, तर तक्रार करायची कोणाकडे? त्या काळी सरकारी यंत्रणा नसबंदीची उद्दिष्टं मोजत होती. ती उद्दिष्टं रद्द व्हायला १९९६ साल उजाडावं लागलं. मोजायचं काय हे वरून ठरलं, की खालचं दुखणं हिशेबात येत नाही.

२. प्रश्न तिच्या शब्दांत विचारला पाहिजे.
प्रश्नावलीत छापलेलं असतं : ‘योनिमार्गातून असामान्य स्राव होतो का?’ ओसरीवर बसलेली बाई पदर सावरते आणि ‘नाही’ म्हणते. शेजारी सासू तांदूळ निवडत बसलेली असते. त्या ‘नाही’वर खूण होते आणि तक्त्यात ती बाई निरोगी ठरते. तीच बाई पाणवठ्यावर मैत्रिणीला सांगते, ‘अंगावरून पांढरं जातं, कंबर धरून येते.’ कुणी म्हणते ‘अंग बाहेर येतं’, कुणी म्हणते ‘पिशवी साफ केली’. हे शब्द माहीत नसलेला संशोधक खोटी आकडेवारी घेऊन परततो. डॉ. राणी बंग यांच्या पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. असा कानोसा घेणं हीच संशोधनाची पहिली पायरी.

३. आजाराचं कारण शरीरापाशी संपत नाही.
बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं उदाहरण घ्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि खाडा झाला तर दंड भरावा लागतो. फडावर संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसाही नाही. त्यात पांढरं जाऊ लागलं की खासगी डॉक्टर सांगतो, ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका.’ पाळीच नको आणि खाडाही नको, म्हणून बाई तयार होते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्यानं समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या आसपास आहे. हा फरक गर्भपिशवीतल्या दोषानं पडलेला नाही. तो मजुरीच्या पद्धतीतून आला आहे. आरोग्यातल्या समानतेचा प्रश्न म्हणतात तो हाच : कोणत्या बाईच्या शरीराची किंमत कमी धरली जाते?

४. ज्यांच्याविषयी शोध, त्याच शोधकर्त्या व्हाव्यात.
सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी राहिली. एचआयव्हीच्या काळात बाहेरचे लोक या स्त्रियांकडे ‘रोग पसरवणाऱ्या’ म्हणून बोट दाखवत होते. या स्त्रियांनी स्वतःच वस्तीत कंडोम वाटले, एकमेकींना माहिती दिली आणि गिऱ्हाइकाला, पोलिसाला ठणकावून उत्तर द्यायला त्या शिकल्या. कोणती गल्ली कधी जागी असते आणि कोण कुणाशी बोलेल, हे ज्ञान विद्यापीठात मिळत नाही. आशाताई, दाई, ऊसतोड टोळीतली जाणती बाई यांच्याकडेही ते असतं. त्यांना नुसतं माहिती गोळा करायला वापरू नये. प्रश्न ठरवताना, निष्कर्ष काढताना त्यांना शेजारी बसवावं आणि त्या कामाचा रीतसर मोबदला द्यावा.

५. कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.
सरपंचानं हो म्हटलं, नवऱ्यानं मान डोलावली, म्हणून बाईची संमती मिळाली असं होत नाही. काय विचारणार, कुठे तपासणार, माहिती कुणाला दिसणार हे तिला एकटीला, तिच्या बोलीत सांगायला हवं. नकार दिला तर रेशन किंवा दवाखाना बंद होणार नाही, हेही तिला कळलं पाहिजे. लहान गावात ‘अमुक वाडीतली विधवा’ एवढं लिहिलं तरी बाई ओळखू येते. नाव गाळलं म्हणजे गुप्तता पाळली, असं समजू नये.

६. आजार शोधला, तर उपचाराची सोय आधीच हवी.
नमुना घ्यायचा, रोग आहे असं सांगायचं आणि गाडीत बसून निघून जायचं, हा अन्याय आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांतही लोकसहभागाचा आणि संशोधनाचा लाभ लोकांपर्यंत पोचवण्याचा आग्रह आहे. म्हणून औषधं आणि पुढे पाठवण्याची व्यवस्था अभ्यासाच्या अंदाजपत्रकातच असावी. निष्कर्षही परिषदेत मांडण्याआधी गावात मांडावेत. ज्यांनी आपलं सर्वांत खासगी दुखणं उघड केलं, त्यांना उत्तर कळण्याचा पहिला हक्क आहे.

७. हे आपल्या हातात आहे.
महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती सभा वहीत सह्या घेऊन उरकू नका. आपल्या गावात कोण कसला अभ्यास करतंय, हा विषय तिथे घ्या. दारात प्रश्नावली घेऊन कुणी आलं, तर तीन गोष्टी विचारा : हा प्रश्न कुणी ठरवला? आजार निघाला तर उपचार कोण करणार? उत्तर आम्हाला कधी सांगणार? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याखेरीज सही करू नका.