विश्लेषण : बांबू ‘गवत’ ठरला, पण तोडायचा हक्क कुणाचा?

सूप, रोवळी, परडी, शिडी, बाळाचा पाळणा आणि शेवटची तिरडी. बांबूवाचून मराठी माणसाचे पान हलत नाही. आता सरकारही बांबू लागवडीचा आग्रह धरत आहे. मात्र बांबू लावण्याइतकेच तो वेळेवर तोडणे महत्त्वाचे असते. तो कुणी तोडायचा, हा प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे.

बांबू झाड की गवत?

बांबू हे भात, गहू, ऊस यांच्या कुळातले गवत आहे. झाडाचे खोड वर्षागणिक जाड होते, बांबूचे होत नाही. कोंब जमिनीतून वर येतो तोच काठीची जाडी घेऊन. काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो. काही मोठ्या जाती अनुकूल हवामानात दिवसाला ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतात. पुढे काठी वाढत नाही. साधारण तीन वर्षांत पक्की होते.

तोडल्याने बेट संपते?

नाही. बेटाचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो आणि दर पावसाळ्यात त्यातून नवे कोंब फुटतात. उलट जुन्या काठ्या काढल्या नाहीत तर बेटात दाटी होते, कोंब वाकडेतिकडे येतात. म्हणून कोवळ्या काठ्या राखायच्या, तीन वर्षांपुढच्या काढायच्या आणि पावसाळ्यात तोड बंद ठेवायची, ही जाणत्यांची रीत.

नुसता राखला म्हणून बांबू टिकत नाही. बहुतेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि मरतात. मिझोराममधील ‘मौताक’ बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकाच वेळी फुलतो. १९५९ च्या सुमारास त्याच्या बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेते फस्त केली आणि दुष्काळ पडला.

कायदा काय सांगतो?

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत बसवले. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही शेतकऱ्याला परवान्यांचा ससेमिरा सोसावा लागे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू या व्याख्येतून वगळला. वनातल्या बांबूला मात्र ही सूट नाही. तिथे २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो. त्यात बांबू गौण वनोपज आहे आणि त्यावर हक्कधारक गावाची मालकी आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडले.

मग अडचण कुठे?

ज्या गावांचे सामूहिक दावे मंजूर नाहीत, तिथे बऱ्याच ठिकाणी तोड आणि विक्री वन विभागाच्याच हाती राहते. दुसरी अडचण बुरुडांची. कामट्या काढायला ओला, लांब पेराचा बांबू लागतो. वाळलेला चिरताना फुटतो. अनेक बुरूड कुटुंबे शहरांत आणि बाजारपेठेच्या गावांत राहतात. त्यांच्याकडे ना शेत, ना वनहक्क. म्हणजे दोन्ही कायद्यांचा थेट लाभ त्यांना नाही. महाग बांबू घेऊन विणलेले सूप प्लास्टिकच्या सुपापुढे टिकणार कसे?

काय करायला हवे?

लागवडीच्या योजना रोपांच्या संख्येवर मोजणे थांबवायला हवे. सामूहिक दावे लवकर निकाली काढावेत आणि हक्क मिळालेल्या ग्रामसभांकडून बुरुडांना ओला बांबू थेट, रास्त दरात मिळेल अशी सोय व्हावी. बेटातली कोणती काठी पक्की आणि कोणती कोवळी, हे ज्याची भाकरी त्यावर आहे तोच नीट ओळखतो. त्याच्या हाती कोयता दिला तर बेटही वाढेल आणि कारागिरीही.