पगारातून कापलेला तो कर



देश सोडण्यापूर्वी आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-पुण्यात दोन-चार वर्षं तरी नोकरी केली. पगाराच्या चिठ्ठीत व्यवसाय कर म्हणून किरकोळ रक्कम कापलेली असे. इन्कम टॅक्सवर आपण भरपूर कुरकुरलो, पण हा कर कशासाठी, हे बहुतेकांनी विचारलंही नाही.

1975 साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने भरायचं, तितकीच भर सरकारने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. ही योजना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातले हे वकील 1960 ते 1978 अशी 18 वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती ना खातं, ना तिजोरी. तरी त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पटवलं आणि 1969 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग सुरू झाला. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला उभी राहिली, तेव्हा कल्पना वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

दुष्काळी कामं इंग्रजही काढत. पाऊस पडला की ती बंद. पाग्यांमधला वकील दिसतो तो पुढच्या पावलात. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदाच केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला: काम मागणाऱ्याला 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. मेहेरबानीचा हक्क झाला.

खोटी हजेरीपत्रकं, रखडलेली मजुरी, निधी पडून असताना न निघालेली कामं हेही सगळं झालं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण 2005 साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचाच अनुभव होता.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा आणला. दिवस 100 चे 125 झाले, हे चांगलंच. मात्र राज्याला किती पैसे द्यायचे ते केंद्र आधी ठरवणार, बहुतेक राज्यांना 40 टक्के वाटा उचलावा लागणार आणि त्यावरचा खर्चही त्यांच्याच माथी. पाग्यांचा हिशेब मजुराच्या अर्जापासून सुरू होत असे. आता तो दिल्लीच्या आकड्यापासून होईल. हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

महाराष्ट्रात व्यवसाय कर अजूनही कापला जातो. त्याचं आता काय होतं, हे गावाकडच्या आमदाराला विचारायला आपला परदेशी पत्ता आड येत नाही.