टाकीचा तळ घासू नका

मुलाच्या वाढदिवसाला काचेची टाकी घरी येते. दुकानदार तिच्यासोबत निळे-गुलाबी खडे, दोन-चार पाणवनस्पती आणि सहा मासे देतो. आठवड्याभरात पाणी गढूळ होतं. दुसऱ्या आठवड्यात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. महिना संपेपर्यंत रिकामी टाकी माळ्यावर गेलेली असते. या काळात घरातली मंडळी एक काम मात्र मनोभावे करतात. दर रविवारी सगळं पाणी ओतून देतात आणि तळाचे खडे बादलीत घेऊन साबणानं चोळून धुतात. मग म्हणतात, 'एवढी स्वच्छता ठेवली, तरी मासे मेलेच.' खरं तर पुष्कळदा ते त्या स्वच्छतेमुळेच मेलेले असतात.

माणसाच्या शरीरात तयार होणाऱ्या अमोनियाचं यकृत युरियात रूपांतर करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. यकृत निकामी झालं की रक्तात अमोनिया साठतो आणि रुग्णाची शुद्ध हरपू लागते. मासा आपला अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. तिथे यकृताचं काम करतात ते जिवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानानं बरंच कमी घातक असतं आणि वनस्पती ते खत म्हणून वापरतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या कणाकणावर चिकटून राहतात आणि पुरेसे वाढायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. साबण आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ही वसाहत एका दुपारी उद्ध्वस्त करतात. त्यामुळे तळ हा टाकीचा अवयव आहे, असं समजूनच तो निवडायला हवा.

ही समज नवी नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञानं 1850 मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात त्यानं तळाशी वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. कुजणारी पानं खायला पुढे गोगलगायी आणल्या. मासा, वनस्पती आणि तळ यांचा मेळ बसला, तर वरचेवर पाणी न बदलताही मासे जगतात, हे त्यानं दाखवलं. आजच्या दुकानात हा मेळ सोडून बाकी सगळं मिळतं.

मग तळाला घालावं काय? बहुतेक घरांसाठी उत्तर साधं आणि स्वस्त आहे: पाणी गाळण्यासाठी वापरतात तसली चाळलेली जाड वाळू किंवा एक ते तीन मिलिमीटरचे गुळगुळीत, बिनरंगी खडे. थर पाच ते सात सेंटिमीटरचा. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद टाकीत पाच सेंटिमीटर थरासाठी सुमारे तेरा-चौदा किलो वाळू लागते. ती एकदाच, साबणाशिवाय, पाणी निवळ होईपर्यंत धुवावी. मोठे खडे टाळावेत, कारण त्यांच्या फटींत अन्न कुजतं. धारदार खडी तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा सोलते. समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्यानं पाणी जड होतं. शंका असेल तर खड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला, तर त्यात चुना आहे.

वाळूत वनस्पतींसाठी अन्न नसतं, हा आक्षेप खरा आहे. पण सगळ्याच वनस्पती मुळांतून जेवत नाहीत. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला किंवा लाकडाला बांधून वाढतात. उलट, त्यांचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरायन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड यांना मुळांशी अन्न लागतं. त्यांच्याजवळ खताच्या गोळ्या खोचल्या की भागतं. डायना वॉल्स्टॅड यांनी 1999 च्या पुस्तकात मांडलेली पद्धतही चांगली आहे: खाली साध्या मातीचा पातळ थर आणि वर वाळूचं पांघरूण. पण ती माती नर्सरीतली शेणखत-युरिया घातलेली नसावी आणि थर जाड नसावा. जाड, घट्ट थरात प्राणवायू पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू तयार होतो. दाणेदार महागडी माती वनस्पतींना मानवते, यात वाद नाही. मात्र तिच्यातल्या अनेक प्रकारांतून पहिले काही आठवडे अमोनिया पाझरतो. त्याच दिवशी मासे सोडणाऱ्यानं ती घेऊच नये.

चुकीच्या तळाची किंमत फक्त मासे मोजत नाहीत. मासे आजारी दिसले की अनेक जण माणसांसाठीच्या प्रतिजैविकांची कॅप्सूल फोडून टाकीत टाकतात. अमोनियाच्या विषबाधेवर तिचा उपयोग शून्य. उलट उपयुक्त जिवाणू मरू शकतात आणि तग धरलेले, औषधाला न जुमानणारे जंतू रविवारच्या पाण्याबरोबर गटारात जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जे औषध माणसालाही द्यायचं नाही, ते माशाला अंदाजानं देणं हा गंभीर बेजबाबदारपणा आहे.

दुसरी किंमत हाताची. टाकीच्या पाण्यात आणि गाळात क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद राहू शकतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम. तळ चाळवताना बोटावर ओरखडा असेल, तर तो आत शिरतो. दोन-चार आठवड्यांनी लालसर गाठ येते, कधी कधी गाठींची रांग कोपराकडे चढते. हा संसर्ग माणसाकडून माणसाला होत नाही आणि औषधांनी बरा होतो, पण उपचार काही महिने चालतात. निदान रखडतं, कारण डॉक्टर टाकीबद्दल विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. म्हणून जखम असताना टाकीत हात घालू नये, लांब हातमोजे वापरावेत, नळीनं पाणी तोंडानं ओढू नये आणि बोटावरची गाठ हटेना, तर घरी मासे आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

टाकीबरोबर दुकानदारानं दोन वाक्यं जरी सांगितली, तरी पुष्कळ मासे वाचतील: आधी तळ आणि वनस्पती लावा, मासे महिन्यानंतर थोडे थोडे न्या. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन घालवूनच भरा आणि तळ घासू नका. अशानं पहिल्याच दिवशी सहा मासे खपणार नाहीत, हे खरं. पण महिन्याभरानं आलेलं गिऱ्हाईक मेलेल्या माशांच्या जागी दुसरे मागायला आलेलं नसेल.