तुरुंगातील चूल आणि झाडू

सन १८५५. बिहारमधील आरा आणि मुझफ्फरपूर येथील तुरुंगांत दंगली उसळल्या. कारण होते पितळेचा तांब्या. तांब्याने पहारेकऱ्याचे डोके फोडता येते, या भीतीने कंपनी सरकारने कैद्यांचे तांबे काढून घेतले आणि त्यांच्या हाती मातीची भांडी दिली. पितळ घासले की शुद्ध होते. माती एकदा विटाळली की विटाळली, आणि तुरुंगात ते भांडे आधी कोणी वापरले हे कोणाला ठाऊक? मुझफ्फरपुरात कैद्यांच्या पाठीशी गावातील लोक आणि आसपासची रयतही गोळा झाली. अखेर अधिकाऱ्यांनी माघार घेतली आणि तांबे परत दिले.

ही कथा बहुधा १८५७ ची नांदी म्हणून सांगितली जाते. परकीय सत्तेने धर्मात हात घातला आणि जनता उठली. हे खरेच आहे. परंतु तिचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. तो तुरुंगाच्या स्वयंपाकघरात आहे.

त्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते. १८३५ मधील मेकॉलेच्या सूचनेवरून हिंदुस्थानातील तुरुंगांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली गेली आणि १८३८ मध्ये तिने अहवाल दिला. तोवर अनेक ठिकाणी कैद्याला रोजचा भत्ता रोख मिळे. तो त्यातून पीठ, डाळ, मीठ विकत घेई, आपली चूल मांडी आणि आपल्या हाताने शिजवून खाई. समितीला हे खटकले. मात्र जातिभेद मोडावा, असा तिचा हेतू मुळीच नव्हता. बाजारहाट आणि स्वयंपाक यांत कैद्याचा अर्धा दिवस मजेत जातो, ही तिची तक्रार होती. तुरुंग कंटाळवाणा, एकसुरी आणि धाक बसवणारा हवा. स्वतःची भाकरी स्वतः थापणे हा त्यात चैनीचा भाग ठरला. ‘सुधारणा’ या शब्दाचा तुरुंगाच्या इतिहासातील हा पहिला अर्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मग १८४० च्या दशकात सामाईक भोजनाची पद्धत आली. एकाने शिजवायचे, इतरांनी खायचे. त्यावरून तुरुंगांमागून तुरुंग पेटले. ब्राह्मण, राजपूत कैदी परक्या हातचे अन्न घेईनात. सरकारने बळ वापरले, पण सोबत तोडगाही काढला. स्वयंपाकी उच्च जातीचा नेमावा, म्हणजे त्याच्या हातचे सर्वांना चालेल. वरकरणी हा व्यवहारी तोडगा होता. परंतु त्या क्षणी एक मोठा बदल घडला. तोवर जात कैद्याच्या वागण्यात होती, ती आता शासनाच्या नियमात शिरली. जातीने स्वयंपाकी ठरला की जातीने संडास साफ करणाराही ठरतोच. चूल एकाच्या हाती, झाडू दुसऱ्याच्या. तुरुंगातील प्रतिकार साम्राज्याविरुद्ध होता आणि त्याच वेळी तो शेजारच्या कैद्याविरुद्धही होता. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. तरुण वाचकांनी इतिहासाकडून एकच नायक आणि एकच खलनायक मागू नये, ते यासाठीच.

१८९४ च्या तुरुंग कायद्याने नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला आणि जातीची बारीक वाटणी या नियमपुस्तिकांतून टिकून राहिली. ती किती बारीक होती, हे बंगालच्या नियमांवरून दिसते. झाडूवाले मेहतर किंवा हाडी जातीचे असावेत. जिल्ह्याच्या रिवाजाप्रमाणे बाहेर तेच काम करणाऱ्या इतर जातींतूनही ते घेता येतील. म्हणजे कैद्याने गुन्हा कोणताही केलेला असो, काम त्याला जन्माने मिळे.

याच व्यवस्थेला महाराष्ट्रात एका विलक्षण कैद्याने उलट्या बाजूने धक्का दिला. सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन. जन्माने ब्राह्मण, पुढे ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि त्यांनी भंगीकाम मागितले. ते नाकारण्यात आले. उच्चवर्णीय कैद्याला हे काम देता येत नाही, हा नियम! अप्पासाहेबांनी अन्न कमी करून निषेध सुरू केला. ही वार्ता येरवड्यात गांधीजींना कळली आणि डिसेंबर १९३२ च्या आरंभी त्यांनीही सहानुभूतीचे उपोषण आरंभले. पुणे करार होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. सरकारकडून आश्वासन मिळाले आणि उपोषण लवकरच संपले.

प्रसंग उदात्त आहे, यात शंका नाही. अप्पासाहेबांनी पुढेही सफाईचे काम सोडले नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केले. तरीही या प्रसंगाची मर्यादा नोंदवलीच पाहिजे. तेथे वाद होता तो ब्राह्मणाला झाडू मागण्याचा हक्क आहे का, याचा. ज्याच्या हातात तो न मागता दिला जात होता, त्याला तो खाली ठेवण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी नव्हता. स्वेच्छेने झाडू उचलणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. सक्तीने झाडणाऱ्यांची नावे तुरुंगाच्या हजेरीपटांत विरली.

येथवरचे सारे खापर इंग्रजांवर फोडता येते, आणि ते फोडणे सोयीचेही असते. पण १९४७ नंतर काय झाले?

राजस्थानचे तुरुंग नियम १९५१ चे, म्हणजे राज्यघटना लागू झाल्यानंतरचे. घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केलेली असताना त्या नियमांत स्वयंपाकासाठी ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू कैदी पात्र ठरत होता. उत्तर प्रदेशाने २०२२ मध्ये नवी नियमपुस्तिका काढली. तीतही साध्या कैदेच्या कैद्याला हलके काम देऊ नये, तो अशी कामे करण्याची सवय असलेल्या समाजातील असेल तर गोष्ट वेगळी, असा नियम होता. ‘सवय’ हा शब्द येथे किती निरागस दिसतो! ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसरे काम करू दिले नाही, त्याच्याविषयी त्याला सवय आहे असे म्हणायचे. २०२२ ची लेखणी इंग्रजाच्या हातात नव्हती.

भटक्या-विमुक्तांची गोष्ट याहून कठोर आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अवघ्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरची काटेरी तारांची सेटलमेंट मराठी वाचकाला ठाऊक असतेच. १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला. पण काही राज्यांच्या तुरुंग नियमांत ‘सराईत गुन्हेगार’ या व्याख्येत अशा जमातींचा उल्लेख तसाच राहिला. बाहेर विमुक्त, आत पुन्हा बद्ध.

अखेर सुकन्या शांता या पत्रकाराने तुरुंगांतील जातवार कामवाटपावर २०२० मध्ये लिहिले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. ते सुधारण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले.

रकाना काढणे हा निकालाचा सर्वांत सोपा भाग होय. तुरुंगात जात विचारण्याची गरज क्वचितच पडते; आडनाव पुरते. त्यातही देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. पहाटे बराकीबाहेर उभ्या केलेल्या रांगेतून झाडूसाठी कोणाला पुढे बोलावले जाते, हे कोणत्याच नोंदवहीत लिहिलेले नसते. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा २०१३ चा कायदा तुरुंगाच्या भिंतींच्या आतही लागू आहे, हे याच निकालात न्यायालयाला स्वतंत्रपणे बजावून सांगावे लागले.