परदेशी नायिकेला नकार देता येतो

‘परदेशी बाई मोकळी दाखवली तर बिघडले कुठे, त्या तशाच असतात,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे दौंडकर म्हणून मला अजिबात पटलेले नाही. रेल्वेमुळे इथे लोकांनी परदेशीच समजलेली अँग्लो-इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. रविवारी डोक्याला स्कार्फ बांधून चर्चला जाणाऱ्या, दिवेलागणीआधी मुलींना घरात घेणाऱ्या त्या बायका आमच्या आयांपेक्षा काकणभर कडकच होत्या. पण १९७५ चा ‘जूली’ आला, इंजिन ड्रायव्हरची लेक पडद्यावर दिसली आणि त्यांच्या फ्रॉककडे बघणाऱ्या पोरांची नजर फिरली.

रहस्यकथांत तर परदेशी बाई आली की हातात सिगारेट, समोर पेला आणि पुढच्या पानावर शेज ठरलेली. तिला आई नसते, नोकरी नसते आणि ‘नाही’ म्हणणे तर तिला येतच नाही. याला वास्तव म्हणायचे? आयर्लंडमध्ये घटस्फोटावर घटनेनेच बंदी होती. ती उठवायला १९९५ चे सार्वमत लागले. तोही युरोपच.

परक्याला माणूस म्हणून पाहणे अवघड नाही. शेजारच्या शिरूरला १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. लोकांनी या गोऱ्या अधिकाऱ्याला ‘सत्पुरुष’ मानले, सुगीला त्याच्यापुढे नैवेद्य ठेवला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी माणूस पारखला; शिकलेल्या लेखकाला ते का जमू नये?

दिवाळी अंकाच्या कथा निवडताना परदेशी बाई माणूस म्हणून येते का, हे संपादकांनी जरूर पाहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दौंड (जि. पुणे)