सहा तबकड्या

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या यवतमाळच्या घरीं एक विमान तयार झालें. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सहा इंचांहून किंचित् अधिक! इयत्ता नववींतील आमच्या नातवानें स्पिटफायर विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृति जोडावयास घेतली. दोन दिवसांचें हें काम तीन आठवडे चाललें. कारण चिरंजीव वैमानिकाच्या बैठकींतच अडकून बसले.

ही प्रतिकृति मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची. १९३२ सालीं इंग्लंडांत ‘स्कायबर्ड्स’ नांवाच्या लांकडी प्रतिकृति याच प्रमाणांत निघाल्या होत्या. हिशेब जुन्या मास्तरासहि आवडावा असा आहे: सहा फुटांस एक इंच. म्हणजे उंचापुरा मनुष्य एका इंचांत उभा राहतो, आणि सुमारें तीन इंच व्यासाची तबकडी राजगिऱ्याच्या दाण्याएवढी होते. अशा सहा तबकड्या, त्यांवर रंगकाम!

“धडाचे दोन भाग चिकटले कीं हें कोण पाहणार आहे?” असें घरांतून विचारणें झालें. आम्हांसहि प्रश्न रास्त वाटला, व आम्हीं ‘रिकामपणाचा उद्योग’ असा शेराहि मारला, हें लपवीत नाहीं.

कृति मात्र पाहण्यासारखी. तबकड्यांची फळी निव्वळ काळी रंगवीत नाहींत. एवढ्याशा वस्तूवर गडद काळा निर्जीव दिसतो, म्हणून त्यांत थोडा राखी मिसळावयाचा. तो वाळल्यावर कुंचल्यास फिकट रंग लावून तो कागदावर जवळजवळ सारा पुसून टाकावयाचा, आणि मग ते कोरडे केस फळीवरून हलकेच फिरवावयाचे. म्हणजे उठावाच्या कडांनाच रंग धरतो आणि तबकड्या अंधारांतून वर येतात. शेवटीं प्रत्येकीवर टांचणीच्या टोकानें पारदर्शक रोगणाचा थेंब. ती तिची कांच. आमच्याकडील मे महिन्यांत टोकावरचा रंग फळीपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच वाळे, म्हणून काम पहांटे पांचास सुरू होई.

त्यास भिंग हवें होतें. आमचे कै. तीर्थरूप घड्याळें दुरुस्त करीत. त्यांचें डोळ्यास लावावयाचें भिंग ट्रंकेंत होतें. तें काढतांना खालीं एक वही सांपडली. १९४५ ते १९४८ पर्यंत ते हवाई दलांत उपकरणांच्या दुरुस्तीवर होते, एवढें आम्हांस ठाऊक. अधिक आम्हीं कधीं विचारलें नाहीं. रूपें पाठ करणाऱ्या आम्हांस वडिलांच्या तेलकट बोटांची शरम वाटे. वहींत सहा वर्तुळें होतीं. वर वेग, क्षितिज, चढउतार. खालीं उंची, दिशा, वळण. क्षितिजाच्या वर्तुळांत एक आडवी रेघ, आणि शेजारीं त्यांच्या अक्षरांत, “ढगांत हीच जमीन.”

ढगांत शिरलेल्या वैमानिकास त्याचें शरीर फसवितें; विमान कलंडलें असतांहि तो सरळ बसला आहे असें त्यास वाटतें. या तबकडीमागें वेगानें फिरणारा भोंवरा असतो, तो आपली बैठक सोडीत नाहीं, आणि त्याच्या आधारें ती रेघ खऱ्या क्षितिजाशीं समांतर राहते. १९४७ सालीं काश्मीरच्या मोहिमेंत आपलीं स्पिटफायर विमानें लढलीं. त्यांतील एखाद्याचा भोंवरा तीर्थरूपांच्या हातून गेला होता काय, हें विचारावयास आतां कोणी नाहीं.

नातवानें साहाही तबकड्या एकसारख्या रंगविल्या होत्या. वही पाहून त्यानें वरच्या ओळींतील मधली पुसली व पुन्हां काळी केली.

“आजोबा, रेघ तुम्ही काढा.”

आमच्या हातास दोन वर्षें कंप आहे. दोनदां बिघडलें, दोनदां त्यानें मुकाट्यानें पुसलें. तिसऱ्यांदा त्यानें आमचें मनगट धरलें. रेघ उमटली, पण तिरपी.

“राहूं द्या,” तो म्हणाला, “विमान वळतंय.”

पुढें औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील चंदेरी कागद कातरून त्यानें आसनाचे पट्टे केले, ते मातकट रंगविले, आणि मग दोन्ही भाग चिकटवले. वरचें पारदर्शक झांकण मात्र उघडेंच ठेविलें आहे. परवां घरांतून भिंग लावून बराच वेळ पाहणें झालें, आणि विचारणें झालें कीं, माणसास बसावयास जागा ती एवढीच काय.