डायलिसिस झालं, हाडांचं काय?

मार्चमधला दुसरा गुरुवार म्हणजे जागतिक मूत्रपिंड दिन. ‘भरपूर पाणी प्या’ असे फलक यंदाही लागतील. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. त्याच्या कामाचं त्या फलकावर सहसा काही नसतं.

२०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळाला. पेडगावच्या रुग्णाने परभणी गाठायची, आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला लागून राहायचं आणि ‘क्रिएटिनिन किती आलं?’ विचारत घरी परतायचं. एवढं मिळतं, हेही थोडं नाही. पण काही वर्षांत अनेकांची हाडं ठणकू लागतात, पायऱ्या चढवत नाहीत, अंगाला खाज सुटते. घरचे म्हणतात, वात आहे. तेल चोळलं जातं.

मूळ बहुतेकदा गळ्यात असतं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. मूत्रपिंड निकामी झालं की फॉस्फरस साचतो, ‘ड’ जीवनसत्त्व कामाला येत नाही, रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ती तूट या ग्रंथी हाडांतून भरून काढतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की त्या फुगतात आणि पुढे औषधालाही जुमानत नाहीत.

म्हणून कॅल्शियम-फॉस्फरस एक ते तीन महिन्यांनी आणि पीटीएच, म्हणजे या ग्रंथींचं संप्रेरक, तीन ते सहा महिन्यांनी तपासावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. डायलिसिस केंद्राचा हिशेब फेऱ्यांपाशी थांबू नये. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी ती वाया जाते, हे तरी प्रत्येकाला कुणी बसून सांगावं. ज्वारीच्या भाकरीपेक्षा काळ्या कोल्ड्रिंकमधला फॉस्फरस अंगी फार लवकर लागतो, हेही.

गोळ्यांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया. साडेतीन ग्रंथी काढतात, किंवा चारही काढून एकीचे तुकडे हाताच्या स्नायूत रुजवतात. खरी कसोटी त्यानंतर लागते: भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, ओठा-बोटांना मुंग्या येतात, झटकेही येऊ शकतात. शस्त्रक्रिया संभाजीनगरला होवो की हैदराबादला, पुढचे आठवडे रुग्ण काढणार पेडगावातच. तेव्हा कॅल्शियमचा रिपोर्ट त्याच दिवशी आणि शिरेतून द्यायचं कॅल्शियम रात्री-अपरात्रीही परभणीत मिळायला हवं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे यंदाच्या मूत्रपिंड दिनी हीच मागणी करावी.